पदवी आहे, गुण आहेत. मग काम कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यंत्रं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत नव्या इंजिनिअरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी तुमच्याकडे आहे. दरवर्षी पदवीधरांची तुकडी येते. आधी काही आठवडे वर्गात शिकवणं, मग विभागाविभागांतून फिरवणं, सोबत एक सॉफ्टवेअरचा कोर्स आणि एक संवादकौशल्याचा. एवढं करूनही वर्ष उलटलं की विभागप्रमुख तक्रार करतात, 'यांचं बेसिकच कच्चं आहे.' तर आणखी कोणते कोर्स घालावेत?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आणखी कोर्स घालू नका. आहेत त्यातले एकदोन कमी केलेत तरी बिघडणार नाही. मी डिझाइन आणि उत्पादन दोन्हीकडे काम केलंय आणि नवी मुलंमुली हाताखाली घेत आलोय. त्यांना माहिती कमी असते असं मला फारसं आढळलं नाही. आपण काढलेलं उत्तर बरोबर आहे का, हे स्वतःचं स्वतः ठरवायची सवय मात्र बहुतेकांना नसते. चार वर्षं ते काम परीक्षकाने नाहीतर पुस्तकामागच्या उत्तरसूचीने केलेलं असतं. कामावर आल्यावर उत्तरसूची नसते आणि परीक्षकाच्या जागी ग्राहक असतो.

एक उदाहरण जरा जवळून बघू. ५० मिमी व्यासाचा शाफ्ट, त्यावर बेअरिंग बसणार, ड्रॉइंगवर फिट के६. म्हणजे व्यास ५०.००२ ते ५०.०१८ मिमीच्या आत हवा. सगळी मिळून मुभा १६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). ट्रेनी मुलगा लेथजवळ उभा होता. कोरडा फिनिश कट झाला, त्याने तिथल्या तिथे मायक्रोमीटर लावला, ५०.०१० आलं, अगदी मधोमध. त्याने शेरा मारला आणि जॉब, म्हणजे तो शाफ्ट, पुढे गेला. दुसऱ्या दिवशी क्वालिटीने तोच शाफ्ट परत पाठवला: ४९.९९३, अंडरसाइज. मुलाने आधी मायक्रोमीटरवर संशय घेतला, स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, तपासून आणला. तो ठीक निघाला. मग क्वालिटीवाल्यांशी वाद झाला. शेवटी लेथवरचा जुना ऑपरेटर म्हणाला, 'गरमच मोजलास की रे.'

जॉब मोजताना खोलीपेक्षा साधारण ३० अंशांनी गरम होता. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. ५० मिमीला ३० अंशांत होतात १७ मायक्रॉन. पूर्ण टॉलरन्सपेक्षा, म्हणजे त्या १६ मायक्रॉनच्या मुभेपेक्षा जास्त! मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस असावं हे ठरवणारं मानक आयएसओच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं आहे, १९५१ सालचं. इतकी ही गोष्ट मूलभूत.

हे प्रसरणाचं सूत्र त्या मुलाला येत नव्हतं का? उलट, त्याने ते शाळेपासून घोटलेलं होतं, त्यावरची गणितं सोडवून गुणही घेतले होते. पण परीक्षेत ते गणित 'उष्णता' या प्रकरणाखाली येतं. लेथसमोर प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. इथे कुठलं ज्ञान लागू होतंय हे ओळखणं हेच खरं काम असतं, आणि नेमकं तेवढंच कुणी कधी विचारलेलं नसतं. विभागप्रमुख ज्याला 'बेसिक कच्चं' म्हणतात, ते बहुधा हे असतं. त्यावर उपाय म्हणून बेसिकचा रिफ्रेशर कोर्स ठेवलात, तर मुलं पुन्हा तेच सूत्र पाठ करतील, पुन्हा चाचणीत पास होतील आणि पुन्हा गरम जॉब मोजतील.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना हे फार आधी कळलंय. १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी बल या संकल्पनेवरची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात आकडेमोड नाहीच, नुसते साध्या भाषेतले प्रश्न. पानभर गणितं सोडवणारे विद्यार्थी त्यात धडाधड चुकले. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी स्वतःच्या वर्गात याच जातीची चाचणी घेऊन पाहिली आणि त्यानंतर शिकवण्याची पद्धतच बदलली: विद्यार्थ्यांनी आधी उत्तराचा अंदाज बांधायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग समजावून घ्यायचं. हा अंदाज आधी बांधण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉलेजांना दोष देण्याआधी थोडा इतिहास, कारण हे कुणाच्या आळसामुळे झालेलं नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात मॉस्कोच्या तंत्रशाळेने वर्कशॉपचं शिक्षण पायरीपायरीने कसं देता येतं ते मांडलं होतं. ते पाहून एमआयटीचे तेव्हाचे अध्यक्ष रंकल यांनी आपल्याकडे तशी सोय सुरू केली. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी काही काळ वर्ग, काही काळ कारखाना अशी आलटून पालटून चालणारी पद्धत आणली. पुढे महायुद्धात रडार, जेट, अणुऊर्जा यांत शास्त्रज्ञ पुढे आणि इंजिनिअर मागे असं चित्र दिसलं. १९५५ मध्ये ग्रिंटर यांच्या समितीने अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षणाला गणित आणि मूलभूत विज्ञानाकडे वळवायची शिफारस केली. शिफारस त्या काळासाठी योग्यच होती. पण वेळापत्रकात तास तेवढेच. विज्ञान वाढलं तसं वर्कशॉप, ड्रॉइंग आणि डिझाइन आटत गेलं. ते परत आणण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापन झाल्यापासून प्रकल्पांभोवती शिकवतं. २००० मध्ये एमआयटी आणि स्वीडनच्या तीन विद्यापीठांनी मिळून 'संकल्पना, डिझाइन, निर्मिती, वापर' या साखळीवर अभ्यासक्रम उभारायचा उपक्रम सुरू केला. सांगायचं ते इतकंच, की प्रश्न तुमच्या कंपनीपुरता नाही आणि तुम्ही कॉलेज बदलू शकणार नाही. पहिलं वर्ष मात्र तुमच्या हातात आहे.

त्या वर्षात एकच गोष्ट रुजवायची ठरवा: आधी अंदाज, मग काम, मग मोजमाप, मग अंदाज आणि मोजमाप यांत फरक का पडला याचा शोध. हे चक्र पूर्ण होईपर्यंत काम झालं असं धरायचं नाही. सांगायला सोपं आहे. करवून घेताना नाकी नऊ येतात.

अंदाजापासून सुरुवात करा. मी मुलाखतीतही हाच प्रश्न विचारतो: दीड किलोवॅटची मोटर, मिनिटाला १४४० फेरे, शाफ्टवर टॉर्क किती? सूत्र बहुतेकांना आठवतं, उत्तर साधारण १० न्यूटन-मीटर येतं. मग विचारतो, एक मीटरचा दांडा लावला तर टोकाला किती वजन पेलेल? इथे शांतता पसरते. उत्तर आहे एक किलो. ज्याला हे पटकन दिसतं, त्याला पुढे वीसास एकच्या गिअरबॉक्समधून काय बाहेर पडेल आणि शाफ्टला गिअरशी अडकवणाऱ्या चावीची कुठली जाडी पुरेल याचा अदमास लागतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी १० आणि १०,००० हे दोन्ही नुसते आकडे असतात. ही नजर वर्गात बसून येत नाही, पण रोज एक असा प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायला लावलात तर काही महिन्यांत फरक जाणवतो. आधी अंदाज कागदावर लिहून घ्यायचा, तारीख घालायची. लिहिला नाही तर नंतर सगळेच म्हणतात, 'मला वाटलंच होतं.'

सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका. स्ट्रेस ॲनालिसिसचे लाल-निळे नकाशे रिपोर्टात चिकटवणं ही नव्या मुलांची आवडती गोष्ट. एक साधी परीक्षा घ्या. २० मिमी चौरस पोलादी पट्टी, एका टोकाला पक्की धरलेली, ५०० मिमी बाहेर, मोकळ्या टोकावर १०० न्यूटन. हाताने गणित केलं तर टोक सुमारे १.५६ मिमी वाकतं. आता सॉफ्टवेअरमध्ये लांबी मिमीत घालून पोलादाचा यंग मापांक (पोलाद किती ताठ आहे तो आकडा) २०० भरा, २ लाख भरायच्या ऐवजी; मिमी आणि न्यूटन घेतले की तो मेगापास्कलमध्ये लागतो. कारण पुस्तकात '२०० गिगापास्कल' वाचलेलं असतं. उत्तर येईल दीड मीटरहून जास्त. अर्ध्या मीटरची पट्टी दीड मीटर वाकली! सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही, चित्रही सुबक काढतं, कारण वाकणं पडद्यावर आपोआप लहानमोठं करून दाखवलं जातं. असा रिपोर्ट सहीसाठी माझ्या टेबलावर आलेला आहे.

एककांचा घोळ फक्त शिकाऊ मुलं घालतात असंही नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आवेग पौंड-सेकंदांत देत होतं आणि पुढचं तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून चाललं होतं; फरक जवळजवळ साडेचार पटींचा. तेव्हा नियम करा: कुठलाही ॲनालिसिस रिपोर्ट आला की पहिल्या पानावर हाताने केलेलं ढोबळ गणित हवं, आणि आधारांवरच्या प्रतिक्रियाबलांची बेरीज लावलेल्या भाराइतकी येते का ते लिहिलेलं हवं. या दोन ओळी नसतील तर रंगीत पानं उलटायचीच नाहीत. आणखी एक: सॉफ्टवेअर गणितासाठी भागाचे छोटे तुकडे पाडतं, ती जाळी टोकदार आतल्या कोपऱ्यात जितकी बारीक करावी तितका ताण वाढतच जातो, तो आकडा खरा नसतो. हे सांगून कळत नाही. तीनदा जाळी बारीक करायला लावा आणि आकडा कसा पळतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

ड्रॉइंग वाचणं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. चिन्हं शिकवण्याबद्दल बोलत नाहीये. ती आठवड्यात येतात. बदलाची नोट आली की त्याने काय काय हलतं हे दिसणं अवघड. त्यासाठी एक सराव सुचवतो. छताला टांगलेल्या, एकाखाली एक अशा दोन पादचारी पुलांची दोन रेखाचित्रं द्या, नावगाव न सांगता. पहिल्यात छतापासून एकच लांब सळई खाली येते. ती वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन खालच्या पुलालाही धरते, आणि प्रत्येक पुलाखाली एक नट. दुसऱ्यात दोन तोकड्या सळया: पहिली छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलाच्या तुळईला अडकवून खालच्या पुलापर्यंत. इतक्या लांब सळईवर आटे पाडणं कटकटीचं, म्हणून फॅब्रिकेटरने दुसरी रचना सुचवली आहे. मंजुरी द्याल का?

बहुतेक मुलं 'हो' म्हणतात. सळयांवरचा भार तोच, मटेरियल तेच. आता वरच्या पुलाच्या नटाखाली बघा. दोरीला दोन माणसं वेगवेगळी लोंबकळली तर प्रत्येकाच्या हातांवर आपापलं वजन येतं. खालच्याने वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या हातांवर दोघांचं. नटाखालच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. ही कल्पित गोष्ट नाही. १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात असेच पूल कोसळून ११४ माणसं गेली. तपासात निघालं की मूळची रचनासुद्धा नियमांनुसार लागणाऱ्या ताकदीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच होती. बदलाने ती निम्म्यावर आणली, आणि त्या बदललेल्या जोडाचं गणित कुणीच केलं नाही. हे आधी सांगू नका. 'हो' म्हणून सही केल्यानंतर सांगा. पुढच्या वेळी बदलाची नोट हातात आली की मूल आधी कागदावर बलांचं चित्र काढतं.

आता कामाच्या वाटपाकडे येऊ. विभागाविभागांतून फिरवण्याच्या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. दोन आठवडे इथे, दोन आठवडे तिथे. मुलगी कोपऱ्यात उभी राहून वहीत लिहिते, लोक तिला चहापुरतं विचारतात आणि कुठल्याच कामाचा शेवट तिच्यासमोर होत नाही. त्याऐवजी लहान पण अख्खं काम द्या. एखादं साधं फिक्स्चर (काम करताना जॉब पक्का धरणारी जोडणी) घ्या: गरज समजून घेणं, ड्रॉइंग, मटेरियल मागवणं, बनवून घेणं, लाइनवर लावणं आणि महिनाभर ते टिकतंय का पाहणं, सगळं तिनेच. आपण ड्रॉइंगवर आखलेला बोल्ट घट्ट करायला पाना फिरत नाही, हे असेंब्लीवाल्या फिटरच्या तोंडून ऐकलं की क्लिअरन्स म्हणजे काय ते जन्मभर विसरायला होत नाही.

अर्थात, पहिल्याच दिवशी पाण्यात ढकलून द्या असं मी म्हणत नाही. नवख्यांना सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त शिकवतात, हे ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकापासून दाखवत आले आहेत. तुमच्याकडे अशा उदाहरणांचा खजिना पडून आहे: जुन्या ग्राहक तक्रारी, रिजेक्शनचे रिपोर्ट, बदलांच्या नोटा. फाइल काढा, निम्मी वाचून दाखवा, पुढे काय झालं असेल ते मुलांना लिहायला सांगा, मग उरलेली उघडा. पैसे लागत नाहीत, बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. फक्त ज्याने ती तक्रार सोडवली तो माणूस खोलीत हवा.

आणि हा माणूसच मिळत नाही, ही खरी अडचण. त्याच्यावर उत्पादनाचं टार्गेट असतं. ट्रेनीला शिकवलं तर त्याचे तास कुठल्या खात्यात धरायचे हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून तो 'जा, तो कॅटलॉग वाच' म्हणून मोकळा होतो. तुम्हाला वरिष्ठांकडून एकच गोष्ट भांडून मिळवायची असेल तर कोर्सचं बजेट मागू नका. अनुभवी माणसांचे ठरावीक तास टार्गेटमधून सोडवून घ्या. त्यात फिटर, ऑपरेटर, क्वालिटीतली मंडळीही आली; मार्गदर्शक इंजिनिअरच असावा असं काही नाही.

यावर वरिष्ठ म्हणतील, शिकवून तयार केलं की सोडून जातात. जातात, खरं आहे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी साठच्या दशकातच मांडलं होतं की जे कौशल्य कुठेही चालतं त्यावर मालक आपणहून खर्च करायला नाखूश असतो. पण न शिकवता ठेवलं आणि ते राहिले, तर? शिवाय कौशल्याची दरी मोजताना नोकरी देणारे स्वतःला मोजत नाहीत. 'फ्रेशर हवा, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' अशा जाहिराती सगळ्यांनी पाहिल्यात. व्हार्टनचे पीटर कॅपेली हेच सांगत आलेत की ही ओरड पुष्कळदा कंपन्यांनी प्रशिक्षण गुंडाळल्यातून येते. मला ते बऱ्याच अंशी पटतं. सगळं नाही, कारण वर सांगितलेली पट्टी दीड मीटर वाकवणारी मुलंही खरीच आहेत.

एआयच्या साधनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ती वापरू द्या, बंदी घालून काही होत नाही. पण त्यामुळे पडताळणीचं वजन आणखी वाढलंय. आता चुकीचं उत्तरसुद्धा नीट मांडणीत आणि आत्मविश्वासाने येतं. नियम तोच: आधी स्वतःचा अंदाज लिही, मग साधनाला विचार.

संवादकौशल्याच्या कोर्सवर फार वेळ घालवत नाही. हस्तांदोलन कसं करावं हे शिकून कुणाचा रिजेक्शन रिपोर्ट सुधारलेला मी पाहिला नाही. लिहिणं कामातूनच शिकवा: काय दिसलं, किती मोजलं, कशाने मोजलं, मला काय वाटतं, पुढे काय करणार. पाच ओळी. 'वाटतं' ही ओळ 'दिसलं'पासून वेगळी ठेवायला लावा, निम्मे वाद तिथेच मिटतात. आणि कामाची स्थिती विचारल्यावर 'होत आलंय सर' एवढ्यावर सोडू नका. काय उरलंय ते विचारा.

शेवटी, हे सगळं चाललंय की नाही हे वर कसं दाखवायचं, असं तुमचे साहेब विचारतीलच. प्रशिक्षणाचे तास मोजू नका, त्याने काहीच कळत नाही. तपासणीतून ड्रॉइंग किती वेळा परत आलं, पहिलं ड्रॉइंग कुणाच्या मदतीशिवाय रिलीज व्हायला किती महिने लागले, आणि लिहून ठेवलेले अंदाज प्रत्यक्ष मोजमापाच्या किती जवळ येत गेले, या तीन नोंदी ठेवा. तिसरी सगळ्यात बोलकी. पहिल्या तिमाहीत अंदाज दहापट इकडेतिकडे असतात आणि मुलांना लाज वाटते, म्हणून ती वही मूल्यमापनाला जोडू नका. जोडलीत की सगळे आधी मोजून मग अंदाज लिहायला लागतील.

प्रशिक्षण संपल्यावर प्रमाणपत्र द्यावं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. द्यायचं तर द्या, हरकत नाही. मी मात्र त्या दिवसापासून ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या 'तपासलं' या चौकटीत त्यांना सही करू देतो: आधी आपल्या बरोबरीच्या ट्रेनीच्या ड्रॉइंगवर, मग सहा महिन्यांनी माझ्या.